आत्मारामची उरलेली छाती

मांडवी, रत्नागिरी
कार्तिक वद्य ३, शके १८५९

आधी आली ती गंगुबाई. माझे सारवणाचे हात धुवायचे होते, तोवर ती खळ्यात उभी. म्हणाली, "काकी, पणजी झालीस, साखर काढ." मी म्हटलं, तुला गो कोणी सांगितलं? तर पोस्टमननं. त्याला आपल्या पाखाडीच्या पायऱ्या चढायचा कंटाळा. खाली तिच्या दारातच कार्ड वाचून दाखवलंन आणि तिच्याच हाती दिलंन. म्हणजे माझ्या पणतीची बातमी मला मिळाली ती शिळी. तिच्यामागून खालच्या घरच्या दोघी आल्या, मग सगळी वाडीच आली. साखर पुरली नाही म्हणून गूळ फोडला, त्यात खोबरं घातलं. मुलगी झाली तर एवढं वाटतात काय, असं एकीनं विचारलंन. तिला मी दुप्पट दिला, तोंड भरलेलं राहावं म्हणून.

कमळे, तुला नि बाळीला माझा आशीर्वाद. तो वर लिहायचा असतो, आनंदात राहिला, इथे घे. आणि तुझे बाबा आलेलं पत्र ओटीवर बसून मोठ्यानं वाचतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा काशीरामभाऊ, तुम्हाला नमस्कार. मुद्दाम पाकीट घातलंय. कार्ड घातलं असतं तर तुमच्याआधी गंगुबाईनं वाचलं असतं.

अक्षर बघून हसू नको. मी शाळेत गेले ती पावसाळा लागेपर्यंत. पुढे वहाळाला पाणी आलं, शाळा पलीकडे राहिली आणि मी अलीकडे. बाकीचं भावाच्या पाटीवर चोरून शिकले. जोडाक्षर आलं की माझा हात अजून थांबतो, नदीशी बैल थांबतो तसा.

बाळीचं नाक कोणाचं? तिच्या बापाचं, आत्माचं असेल तर तेल लावून वर ओढत जा. बाळंतशेपा पाठवते. हळीव पण पाठवले असते, पण इथले किडके निघाले.

आत्मा बरा आहे. खोकला आहे, पण तो कोळशाचा. आगवाल्याचं काम म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा ढकलायचा. सात वर्षं तो काळा धूर गिळला, आता तो बाहेर पडतोय. श्रावणात मुंबईहून आला त्यापेक्षा पुष्कळ बरा आहे. तुमच्या राजापुरात कोणी क्षय म्हणून उठवलं असेल तर ते खोटं. कोणी उठवलं तेही मला कळलंय. ती आत्ताच माझा गूळ खाऊन गेली.

त्याची ट्रंक उन्हाला लावली परवा. तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक दिवा मिळाला. ठेंगणा, पितळी, वर काचेची टोपी आणि टोपीला शेंड्यावर भोक. चीनकडचा असणार. बोटीवरच्या लोकांना असलं काय काय मिळतं. इतका सुरेख दिवा फडक्यात ठेवायचा म्हणजे काय? मी घासून पुसून देवापुढे लावला. तेल कमी पितो, वाऱ्यानं विझत नाही, ज्योत अगदी शहाण्या मुलीसारखी बसून राहते. त्याच्याबरोबर एक जाड बांबूची नळी पण होती. ती चूल फुंकायला घेतली, पण मेलीचं एक तोंड बुजलेलं, फुंकर पलीकडे जात नाही. ठेवून दिली चुलीमागे.

आत्मा आंघोळ करून आला, देवाकडे बघून उभाच राहिला. मी म्हटलं, "देवासाठी आणलास आणि सांगितलं नाहीस रे?" म्हणाला, "हो. देवासाठीच." आणि न जेवता माडांच्या आगरात निघून गेला. देवाचं असं हळवं आहे त्याचं, तुला माहीत असेल.

तेव्हापासून वाईच अंगात कसर आहे त्याच्या. नाक गळतं, जांभया येतात, पाय चेपून दे म्हणतो. हवा बदलली की होतं.

कार्डाच्या शेवटी बाबांनी लिहिलंय, "आम्ही येऊन पाहू आणि मग पाठवायचं ठरवू." पाहू म्हणजे दिवस पाहू, असं मी समजते. या काशीरामभाऊ, चांगलं डोळे भरून पाहा.

तुझी आजी


मांडवी
मार्गशीर्ष शुद्ध ११

कमळे,

तुझे बाबा आणि चिमाआत्या येऊन गेली. तिकडे त्यांनी सगळं सांगितलं असेलच, पण ते त्यांच्या बाजूचं. आता माझ्या बाजूचं ऐक. हे बाबांनी मोठ्यानं वाचलं तरी चालेल.

मी खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या, कुर्ल्या आणवल्या होत्या. चिमाआत्यानं वड्या चार खाल्ल्या आणि म्हणाली, "गोड जास्त झालं." जेवणं झाल्यावर पान लावता लावता मला म्हणते, "काकी, आता जावयाच्या हातचं शहाळं तेवढं पिऊ आणि निघू."

आपल्यात शहाळं द्यायचं ते जावयानं स्वतः माडावर चढून काढलेलं. गड्यानं काढलेलं सासरा तोंडाला लावत नाही. तेव्हा ती मागत्येय काय ते मला कळलं. तिला शहाळं नको होतं, तिला छाती बघायची होती. पण मी म्हणजे मी. म्हटलं, "एक का, पेंढी उतरवील. आत्मा, कोयता घे."

त्यानं माझ्याकडे बघितलंन. मी डोळ्यांनीच म्हटलं, जा. नऊ वर्षांचा असल्यापासून चढतोय, त्यात काय.

विहिरीजवळचा माड, तो वाकडा, त्यातल्या त्यात सोपा. अर्ध्यापर्यंत गेला चांगला. मग थांबला. मला वाटलं पेंढी न्याहाळतोय. पण त्यानं माडाला मिठी मारली होतीन, आणि पाठ अशी वर-खाली होत होती, मासा होडीत टाकला की होतो तशी. मग खोकला सुटला. कोयता कमरेतून निसटून खाली पडला, चिमाआत्याच्या पायाशी. ती किंचाळली ती राजापुरात तुला ऐकू गेली असेल.

"उतर रे बाबा, उतर," तुझे बाबा म्हणाले. "कळलं आम्हाला."

वरून तो म्हणतो, "मामा, वाईच थांबा. दम... दम घेतो आणि जातो वर."

"वर नको जाऊ. वर जायला अजून वय आहे तुझं."

ते असं बोलले, पण दोन्ही हात माडाकडे वर धरूनच. मग शेजारचा रामा तांडेल दोर घेऊन चढला आणि त्यानं त्याला उतरवून आणलंन. खाली आला तो माडाच्या बुंध्याशी बसला, ओठ निळे. चिमाआत्या पदर नाकाला लावून लांब सरकली. म्हणाली, "क्षयच हा. मी सांगत होते. दादा, पोरीला पाठवायची नाही, बाळीला तर नाहीच."

मी कोळशाचं सांगायला लागले. कोणी ऐकेना. तुझे बाबा पिशवी उचलायला आत गेले. जाताना देवाला नमस्कार करावा म्हणून वळले, आणि तिथून मला हाक मारली.

"काकी, हा दिवा देवापुढे कोणी ठेवला?"

"मी. आत्मानं देवासाठी आणलान. चीनकडचा आहे."

ते पाटावर बसले. आधी हसले, इतके की मला राग आला. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. म्हणाले, "काकी, हा चंडूचा दिवा. मी मुंबईत होतो तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच अड्डा होता. अफू शिजवून दाट करतात, तिची गोळी या ज्योतीवर धरतात, आणि नळीनं धूर छातीत ओढतात. दिवसभर पडून राहतात तिथे. सरकारी दुकानात अफू विकत मिळते, पण ओढायला बंदी आहे. यासाठी पोलीस धाड घालतात. आणि तुम्ही याच्यावर वात लावून आरती म्हणताय."

कमळे, मी सत्तरी ओलांडली. मला असं कोणी कधी गप्प केलेलं नाही.

चिमाआत्या दारातून म्हणते, "म्हणजे क्षय नव्हे?" तिचा कसा हिरमोड झाला होता ते तू बघायला हवं होतंस.

तोवर आत्मा आला होता, चौकट धरून उभा. म्हणाला, "नळी चुलीमागे आहे, मामा. तीपण घ्या."

मी त्याला विचारलं, हे कधीपासून? म्हणाला, रंगूनच्या फेरीपासून. भट्टीपुढून वर आलं की अंग उकलल्यासारखं व्हायचं, बरोबरच्यांनी दिलंन, दुखणं गेलं, मग दुखणं नसतानाही लागायला लागलं. आणि बघ, मग तो काय म्हणाला. मी ते विसरणार नाही. म्हणाला, "इथे आल्यावर आगरातल्या खोपटीत ओढत होतो, आजी. तू दिवा देवापुढे ठेवलास आणि बंद झालं. रोज पहाटे हात जायचा. तुझी वात जळत असायची. देवापुढचा दिवा काढायला हात झाला नाही. स्वयंपाकघरातली चिमणी घेऊन बघितली, पण तिच्यावर गोळी नुसती करपते."

म्हणजे ती हवा बदललेली नव्हती. नाक गळत होतं, पाय दुखत होते, ते त्या सवयीचं होतं, आणि तशा अंगानं मी त्याला माडावर चढवला.

तुझ्या बाबांना मी म्हटलं, "काशीरामभाऊ, हे तर बरंच झालं. क्षय सोडतो म्हटलं तर सुटत नाही. हे सुटतं."

ते म्हणाले, "क्षयवाला माणूस निदान दुर्दैवी असतो. यानं आपल्या हातानं केलंय. किती जणांचं सुटलेलं बघितलंत, काकी?"

"मी हा पहिलाच बघणार आहे," मी म्हटलं, "आणि हा माझा नातू आहे."

त्यांनी पिशवी उचलली. दिवस ठरवला नाही, पाणी प्यायले नाहीत, निघाले. पण पाखाडीच्या वळणावर थांबून त्यांनी आत्माकडे एकदा बघितलं. रागानं नाही. मला माणसाची नजर कळते.

आत्मानं दिवा आणि नळी दोन्ही त्याच संध्याकाळी खाडीत टाकलंन. मी देवापुढे आपलं जुनं निरांजन लावलंय. ते वाऱ्यानं विझतं. असू दे.

आता तू मला एक सांग, कमळे. तुला हे ठाऊक होतं काय? तुला रागावायला विचारत नाही.

आजी


मांडवी
मार्गशीर्ष वद्य १२

कमळे,

तुझं पाकीट मिळालं. बाबांना न सांगता घातलंस म्हणतेस, म्हणजे अक्कल आहे तुला. दोनदा वाचलं. माझं वाचणं म्हणजे एकदा अक्षरं लावायला आणि एकदा रडायला.

लिहितेस की लग्न झालं त्या पावसातच कळलं, त्याच्या सदऱ्याला गोड करपलेला वास यायचा, गूळ चुलीत पडल्यासारखा. तू त्याला विचारलंस आणि तो कोळसा म्हणाला. मग तूपण सगळ्यांना कोळसाच सांगत आलीस, शेजारी, माहेरी, मला. पुढे क्षयाची बोलणी उठली तेव्हा गप्प राहिलीस, का तर क्षय म्हटलं की लोक निदान हळहळतात. पोरी, अगदी मी केलं असतं तेच केलंस. तू माझ्याच हाडाची.

पण पुढे जे लिहिलंयस ते मला पटत नाही. "तो बरा झाला का, हे मी विचारत नाही. आता कोळसा म्हणून मी सांगणार नाही, तुम्हीपण सांगू नका. ज्या दिवशी तो आपल्या तोंडानं चारचौघात खरं सांगेल, त्या दिवशी मी मालनला घेऊन येईन." मालन नाव चांगलं ठेवलंस. पण चारचौघात म्हणजे काय गो? दवंडी पिटवायची? घरातली गोष्ट घरात ठेवायला देवानं घराला भिंती दिल्यात. गंगुबाईला कळलं म्हणजे बंदरावरून सुटणाऱ्या बोटीबरोबर मुंबईला पोचलं. उद्या पोलीस आला तर?

आत्मालाही वाचून दाखवलं. तो ऐकून घेऊन उठला, शीड घेऊन बसला. रामा तांडेलच्या मचव्याचं शीड शिवायला घेतलंय त्यानं. बसून करायचं काम, दोऱ्याला मेण लावायचं आणि टाके घालत जायचं. दम लागत नाही. टाके इतके बारीक घालतो की रामा म्हणाला, "हे शीड आहे की चोळी?" दुसऱ्या एकाचं पण आलंय आता.

दवाखान्याचं सांगते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याची थुंकी तपासली. क्षयाचा जंतू नाही. ते ऐकून मी तिथेच सगळ्यांना पेरू वाटायला निघाले, तर ते म्हणाले, "आजीबाई, बसा, अर्धंच ऐकलंत." धुरानं छातीचा खालचा भाग कडक झालाय. मऊ राहिला नाही, श्वास घेतला तरी फुगत नाही. कोळशानं थोडं केलं असेल, चंडूनं जास्त. गेलं ते परत येणार नाही. माड चढायचा नाही, भट्टीपुढे उभं राहायचं नाही. उरलेलं आहे ते सांभाळलंत तर पुष्कळ वर्षं पुरेल.

येताना आत्मा मागे मागे चालत होता. मी म्हटलं, "काय रे, उरलंय म्हणाले ना? उरलंय म्हणजे आहे." माझ्या तोंडात तरी कुठे सगळे दात आहेत, भाकरी खाते की नाही मी?

डॉक्टरांनी अफूच्याच गोळ्या दिल्यात, रोज आधीच्या दिवसापेक्षा बारीक. एकदम तोडलं तर अंग तुटतं म्हणाले. त्या गोळ्या माझ्या चंचीत असतात, सुपारीच्या खणात. चंची माझ्या कमरेला. एकदा पाय झाडत, पोट धरून लोळत होता, मला म्हणाला, "थेरडे, दे." मी म्हटलं, थेरडी तर थेरडी, आधी पेज पी. दुसऱ्या दिवशी माझ्या पायावर डोकं ठेवून गेला. मी म्हटलं, थेरडी हे काही खोटं नव्हे.

आता एक लिहिणार नव्हते. पानाच्या शेवटी आले आणि मुकाट्यानं सही करणार होते. पण तू खरं खरं म्हणून बसलीयस, तर घे. गेल्या आठवड्यात मुंबईची बोट लागली, तसा तो बंदरावर गेला. ओळखीचे आगवाले भेटले. तो ओढून आला. मला वासावरून कळलं, तू लिहिलेलास तोच वास. ओट्यावर बसून इतका खोकला की मी त्याची पाठ धरून बसले, सोडली असती तर पालथा पडला असता.  सकाळी मी उठायच्या आत तो दवाखान्यात गेला आणि डॉक्टरांना आपणहून सांगून आला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा झालं तर पुन्हा या. बोट लागायच्या दिवशी आता तो रामाच्या घरी शीड घेऊन बसतो. रामाला सांगितलंय, "उठायला लागलो तर धर मला."

तेव्हा एकाला सांगितलंय त्यानं. डॉक्टर धरून दोघांना. चारचौघातले दोघे झाले, कमळे. उरलेल्या दोघांसाठी अडून बसू नको.

आजी


मांडवी
पौष वद्य ५

कमळे,

नुसत्या भेटीला म्हणून आलात, काल गेलात आणि घर कसं पोकळ वाटतंय. मालनचं एक टोपडं इथेच राहिलंय. धुऊन ठेवलंय, पाठवणार नाही.

नाक आत्माचंच आहे. चालेल.

तू सगळं डोळ्यांनी बघितलंस, तरी लिहिते, कारण पाखाडीवर तुझी पाठ होती आणि मी मागून येत होते. मोटारीतून उतरलात तेव्हा तू मालनला आत्माच्या हातात दिलीस आणि बाबांबरोबर पुढे निघालीस. मला तेव्हा तुझा राग आला. ज्याला मोकळ्या हातानं चढवत नाही त्याच्याकडे पोर दिलंस. मी म्हटलं, "आण रे इकडे." तर म्हणाला, "राहू दे. सावकाश जाऊ."

खालची वळणं बरी गेली. मग गंगुबाईच्या घराशी आलो आणि तो दगडी गडग्यावर टेकला. खोकला नव्हता, नुसता दम. मालन त्याच्या गळ्याशी, त्याच्या छातीची घरघर ऐकत डोळे मोठे करून. गंगुबाई अंगणातच होती, तिला दुसरं कुठे असायला वेळ असतो. घागर ठेवून आलीच ती. वाडीतल्या आणखी दोघी पाण्याला चाललेल्या, त्या पण थांबल्या.

तिनं विचारलंन, "काय रे आत्मा, कोळशानं छाती धरलीन ती धरलीनच ना?"

बघ, किती सोपं करून दिलंन तिनं. नुसती मान हलवायची. खरं सांगते, माझ्या तोंडात "हो गो, कोळसाच" आलेलं होतं, जिभेच्या टोकावर. डोळ्यांपुढे पोलीस होता, गंगुबाई होती, मुंबईची बोट होती.

आत्मा म्हणाला, "कोळसा थोडा. बाकी चंडू."

"काय?"

"चंडू गो काकी. अफूचा धूर. मुंबईत ओढायचो, इथे येऊनपण ओढला. त्यानं छाती गेली माझी. आता औषध चालू आहे. महिन्यापूर्वी एकदा परत ओढला, त्यानंतर नाही."

सगळं एका दमात नाही बोलता आलं त्याला. मध्ये मध्ये थांबत, श्वास घेत. त्यामुळे ते आणखीच लांबलं, आणि त्या तिघीही तिथून हलेनात. गंगुबाईचं तोंड उघडं राहिलं. तिच्याकडे सांगायला नेहमी जास्त असतं, आणि इथे सगळं आयतं मिळालं, तर काय करावं ते तिला सुचेना. शेवटी म्हणते, "पाणी देऊ का रे तुला?"

मी वर बघितलं. तू बरीच पुढे गेली होतीस, मला वाटलं तुला ऐकू गेलं नाही. पण तू थांबली होतीस, पाठमोरी. बाबा पण थांबले होते. मग तू खाली उतरून आलीस. मालनला घेशील असं वाटलं मला. घेतलं नाहीस. गडग्यावर त्याच्या शेजारी बसलीस, चारचौघांत, डोक्यावरचा पदर सावरत, आणि गंगुबाईला म्हणालीस, "मलापण द्या वाईच पाणी." तो प्यायला, तू प्यायलीस. मी उभी होते, मला कोणी विचारलं नाही.

आता तुला न दिसलेलं. तू आत मालनला निजवत होतीस तेव्हा तुझे बाबा खळ्यात शीड बघत होते. टाक्यांवरून बोट फिरवलं त्यांनी आणि आत्माला विचारलं, "बसून किती वेळ काम होतं?" तो म्हणाला, "दुपारपर्यंत. मग दम खातो. मग परत." ते म्हणाले, "बरं." आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "काकी, क्षय असता तर मी तिला पाठवली नसती. चंडू लपवला असतात तरी पाठवली नसती." मी म्हटलं, "मी लपवणारच होते." तर हसले ते, आणि रामानं काढून आणलेलं शहाळं उचलून प्यायले. गड्यानं काढलेलं, कमळे, आणि तुझ्या बाबांनी तोंड लावलं. चिमाआत्याला सांगू नको.

मी त्यांना म्हटलं, आजच ठेवून जा पोरीला. ते म्हणाले, पौषात मुलगी सासरी धाडत नाहीत. मी म्हटलं, पौष माझ्या घरात कधीच संपला. पण तू नाही म्हणून मान हलवलीस तेव्हा मी हट्ट सोडला. तुला आणखी थोडे दिवस बघायचंय, बघ. त्याचा निश्चय मोडणार नाही असं मी लिहून देत नाही. मोडला तर तो तुला स्वतः लिहील, एवढं मात्र मी लिहून देते. त्यालाही लिहिता येतं, माझ्यापेक्षा बरं.

आज सकाळपासून वाडीत दुसरी गोष्ट नाही. दोघीजणी मुद्दाम येऊन गेल्या. एक म्हणाली, "काकी, किती लाजिरवाणं." मी म्हटलं, "हो गो, बस, शीड बघ, असले टाके बघितलेस कधी?" दुसरी मात्र बराच वेळ बसून राहिली आणि निघताना हळूच विचारलंन, तो डॉक्टर कोणत्या वारी भेटतो, माझ्या भावासाठी. तिचा भाऊ पण बोटीवर आहे. आत्मानं तिला बसवून घेऊन सगळं सांगितलंन. मी चहा केला.

निघताना तू मला यायचा दिवस सांगितला नाहीस, पाया पडलीस आणि चाललीस. मला वाटलं, गेली. पण पाखाडी उतरताना गंगुबाईनं तुला विचारलंन, आता कधी येणार, आणि तू तिला सांगितलंस. मुद्दाम तिला सांगितलंस, मला कळलं ते. बाबा शेजारी होते, ते नाही म्हणाले नाहीत, असं तिनं मला आणि सगळ्या वाडीला सांगितलंय, आता तुला मागे फिरता येणार नाही. रथसप्तमी, माघ शुद्ध सप्तमी, सकाळच्या मोटारीनं, तू, मालन आणि काशीरामभाऊ.

आजी